लेकीचा उजवा कान

माझी पहिली मुलगी घरीच, सुईणीच्या हातून जन्मली. बाळ चांगलं खणखणीत रडत होतं, तरी सुईण आणि सासूबाई एकमेकींकडे नुसत्या पाहत राहिल्या. गुंडाळून तिला माझ्या कुशीत दिलं तेव्हा मी पाहिलं. डावा कान सुरेख होता. उजव्या कानाच्या जागी हरभऱ्याएवढी मऊ गाठ होती आणि भोक तर नव्हतंच. मी देवाधर्माची बाई, देवीचा शुक्रवार कधी चुकवला नव्हता. पण खरं सांगते, त्या दिवशी मला देवीचाच राग आला. एवढं सगळं अंग घडवलंस आणि एवढासा कान तुला काय जड झाला, असं मी मनातल्या मनात तिला विचारलं.

सासूबाईंना उत्तर लगेच सापडलं. मला सातवा महिना असताना चंद्रग्रहण लागलं होतं. आमच्या मेडशीत पोटुशी बाई ग्रहण पाळते. म्हणजे चिरायचं नाही, शिवायचं नाही, साधी काडीसुद्धा मोडायची नाही, हातपाय सरळ ठेवून गप्प बसायचं. मला वाटलं, अजून वेळ आहे. ग्रहण सुटल्यावर भाजी लागेल म्हणून मी दिवेलागणीला विळी घेऊन वांगी चिरायला बसले. आणि बाहेर चंद्र ग्रहण घेऊनच उगवला होता. सासूबाई अंगणातून आत आल्या, माझ्या हातातलं वांगं पाहिलं आणि उंबऱ्यातच मटकन बसल्या. पण तोंडानं बोलल्या त्या बाळाला पाहिल्यावरच.

"तूच कापला व तिचा कान! म्या सांगतलं होतं ना, ग्रहणात विळीले हात लावू नोको म्हून?"

त्या काही दुष्ट नव्हत्या. मला डिंकाचे लाडू त्यांनीच करून घातले, नातीला त्यांनीच चोळूनमोळून न्हाऊ घातलं. पण बाळ पाहायला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या डोळ्याला पदर लावून वांग्याची गोष्ट सांगायच्या. बारशाला आत्यानं डाव्याच कानात कुर्र केलं, सोनारानं एकच कान टोचला, आणि दोन्ही वेळा सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मुलीला ऐकू येतं की नाही ही काळजी होतीच. पण थाळी पडली की ती दचकायची, त्यामुळे थोडा धीर होता. खरं दुखणं निराळंच होतं. हे माझ्या हातानं झालं, याबद्दल मला स्वतःलाच शंका उरली नव्हती. मी विळीवर बसायचंच सोडलं, भाजी जाऊबाई चिरू लागल्या. पाजताना उजवा कान दंडाखाली जाईल अशीच मी तिला घ्यायची. आई असून लेकीच्या तोंडाकडे सरळ पाहवत नाही, याच्याइतकं वाईट काही नसतं.

रामनवमीच्या जत्रेला सासूबाईंनी पोहरादेवीला जायचं ठरवलं. देवीसमोर मी माझी चूक बोलून दाखवायची आणि माफी मागायची, म्हणजे पुढच्या लेकरावर दोष येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मी हो म्हटलं. आम्ही दोघी आणि मुलगी एसटीनं वाशीमला आलो, तिथून जत्रेच्या जादा गाडीत कशाबशा शिरलो. उन्हाचा नुसता कहर होता. त्या दिवसांत जत्रेत शिरण्याआधी पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, सुई घ्यावी लागे, आणि सासूबाई सुईला वाघाला भ्यावं तशा भ्यायच्या. बाया दोरी धरून रांगेत उभ्या होत्या. सासूबाईंनी मला हाताला धरून रसाच्या गाड्यामागून आडवाटेनं काढलं. पुढं शिपाई उभाच. त्यानं दोघींना परत आणून तंबूच्या पार दुसऱ्या टोकाला, एका डॉक्टरीणबाईंच्या टेबलापाशी बसवलं. रांगेतून सरळ आलो असतो तर सुई दुसऱ्याच कुणी टोचली असती आणि आम्ही पुढं गेलो असतो.

सासूबाई सुई घेताना अशा किंचाळल्या की मुलगी दचकून रडायला लागली आणि तिची कुंची सरकली. मी घाईनं झाकायला गेले.

"कायले झाकता?" बाई म्हणाल्या. "पाहू द्या मले."

माझ्या आधी सासूबाईच बोलल्या, "ग्रहणाचं हाये बाई. इनं वांगे चिरले ग्रहणात."

"कितवा महिना होता तवा?"

"सातवा."

"सातवा? अवो आजी, तवा तं कान कव्हाचाच होऊन गेला होता!"

मग बाईंनी मुलीला मांडीवर घेतलं आणि तिच्या गळ्याच्या बाजूला, जबड्याच्या खाली बोट टेकवलं. कान सुरू होतो तो इथं, त्या म्हणाल्या. दिवस गेलेत हे बाईला नीट उमगतही नाही, तेव्हाच इथं बारीक बारीक उंचवटे येतात, ते एकमेकांत मिळतात आणि त्यांची पाळी बनते. मग जबडा वाढत जातो तसा कान वर सरकतो. बोलता बोलता त्यांनी बोट सावकाश वर नेलं आणि त्या गाठीवर ठेवलं. तिसरा-चौथा महिना सरेपर्यंत बाहेरचा कान कानासारखा दिसायला लागलेला असतो. ऐकणारा कान तर निराळाच. डोक्याच्या बाजूच्या कातडीला खळगी पडते, ती आत जाऊन मिटते, आणि तिचाच खोल आत शंख होतो. बाहेरचं बिघडलं म्हणून आतलं बिघडलंच असेल असं नाही, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, असं त्यांनी सांगितलं.

आणि मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "सातव्या महिन्यात लेकरू आतून आयकाले लागते. तुमी विळीवर बसल्या असान, तवा थे तुमचं बोलनं आयकत असन."

सासूबाईंनी विचारलं, "मंग हे झालं कायनं?"

"मालूम नाही, आजी. एखाद्या वक्ती थे उंचवटे नीट मिळत नाहीत. काहून, ते आमाले बी उमगत नाही. पण इचा दोष नाही."

मागून बायांचा लोंढा आला आणि आम्हाला उठावं लागलं. डॉक्टरीणबाईंचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. देवळातून परतताना मी तंबूत डोकावले तर त्या टेबलापाशी दुसरेच कुणी बसले होते.

तंबूतून आम्ही तशाच पुढं देवळात गेलो. गाभाऱ्यापुढं धक्काबुक्की चालली होती. माझी पाळी आली, मी मूर्तीकडे पाहिलं आणि घोकून आणलेली माफी ओठांवर येईना. तेवढ्यात शेजारी सासूबाईंनी हातातला नारळ खाली ठेवला. उजव्या हातानं डावा आणि डाव्या हातानं उजवा असे स्वतःचे दोन्ही कान धरले आणि एवढ्या गर्दीत त्या वाकल्या.

"माय, म्या इले उगाच बोल लावला. इनं काही नाही केलं. चुकी माही हाये, मले माफ कर."

मी तिथंच रडले. इतक्या महिन्यांचं रडू होतं, आवरता आवरेना. मागच्या बाया पुढं सरका म्हणून ओरडत होत्या. सासूबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला बाजूला घेतलं, स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं. मंडपाच्या सावलीत बसून मी लेकीची कुंची काढली आणि उजवा कान वर येईल अशी तिला पहिल्यांदा उराशी धरली. ती गाठ ओठांना फार मऊ लागली.

पुढं अकोल्याच्या डॉक्टरांनी आतला शंख शाबूत असल्याचं सांगितलं. डाव्या कानानं तिला स्वच्छ ऐकू येतं, उजव्यानं भिंतीपलीकडून यावं तसं. कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. मी देवीकडे माफी मागायला गेले होते आणि तिनं मला मागूच दिली नाही, एवढं मला ठाऊक आहे. दुसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सासूबाईंना बरं वाटावं म्हणून मी सगळे नेम पाळले, भीतीनं एकही पाळला नाही. पोटात कुठं खळगी पडते आहे, कुठं उंचवटा येतो आहे, मला काय दिसणार होतं? रोज सकाळी हात जोडून मी देवीला एवढंच म्हणायची, माय, तुझं काम तू कर, मी पोटभर जेवते.