आवडीचं माप

कानडी मुलखातल्या राजाजीनगरात एका हायस्कुलात इंदिराबाई वीस वर्षं भूगोल शिकवत होत्या. १९९६च्या उन्हाळ्यात त्या तीन आठवड्यांचं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि दहावीच्या मुलांची आवड मोजायचं काम त्यांच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं बाकीच्या बाया म्हणायच्या. इंदिराबाई मात्र ते दागिन्यासारखं मिरवत होत्या.

शंभर कामांची यादी, आवडेल त्यापुढे खूण करायची. मग भोकं पाडलेला पुठ्ठा त्यावर ठेवायचा आणि भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या. विज्ञानाचा पुठ्ठा वेगळा, कलेचा वेगळा, व्यापाराचा वेगळा.

"मिस, बरोबर उत्तर कुठलं?" कागद हातात पडतो न पडतो तोच शिल्पाश्रीनं विचारलं.

"यात चूक-बरोबर नसतं गं. खरं लिहा. बास."

मागच्या बाकावर रूपश्रीनं मान हलवली. तिचे वडील नागोजी शाळेमागच्या गल्लीतले टेलर. आदल्याच आठवड्यात ते भेटून गेले होते.

"इंदिराक्का, पोरगी म्हणते दहावीनंतर पीयूसीला, अकरावीला सायन्स घेणार. आमची आई म्हणते मशीनवर बसव, दोन वर्षांत उजवून टाकू. मला ह्यातलं काय कळतंय? तुमचा कागद सायन्स म्हणाला तर सायन्स. आईशी मी भांडतो. माझा शब्द."

"सरी अण्णा, ठरलं. कागद खोटं बोलत नाही," इंदिराबाई म्हणाल्या होत्या.

तुलनेसाठी पुस्तकात एक तक्ता होता, पण तो दूरच्या कुठल्याशा शहरातल्या मुलांवरून केलेला. इंदिराबाईंना ते पटेना. आपल्या मुलांची तुलना आपल्याच मुलांशी नको व्हायला? आठवडाभर खपून त्यांनी आपल्या त्रेपन्न मुलांचा स्वतःचा तक्ता केला. विज्ञानाची वीस कामं होती. कुणाच्या खुणा अठरा, कुणाच्या एकोणीस, कितीतरी जणांच्या वीसच्या वीस. काय बॅच आहे, असं त्या स्टाफरूममध्ये चारचौघींना ऐकवून आल्या.

रूपश्रीच्या खुणा चौदा. त्रेपन्नांत त्रेपन्नावी.

पेन जरा अडखळलं. पण कागद तो कागद. 'विज्ञानाची आवड: फार कमी.' पालकसभेत नागोजींनी अहवाल घडी करून खिशात ठेवला, हात जोडले आणि निघून गेले.

पुढच्या वर्षी जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. पीयूसीच्या प्रवेशाला दोन दिवस उरले असताना शिल्पाश्री बसस्टॉपवर भेटली.

"कॉमर्स घेतलं मिस!"

"कॉमर्स? अगं, विज्ञानात तुझ्या वीसच्या वीस..."

"अय्यो मिस!" ती खळखळून हसली. "ते ट्यूशनच्या सरांनी सांगितलेलं. विज्ञानाच्या सगळ्यांवर खूण करा, रिपोर्ट छान येतो. झेरॉक्स वाटली होती की."

इंदिराबाईंची बस आली आणि गेली. त्या तशाच शाळेत परतल्या, कपाट उघडलं, पुस्तकातला तक्ता काढला. चौदा खुणा: उत्तम.

तक्ता हातात घेऊन त्या धावतपळत नागोजींच्या दुकानात आल्या. रूपश्री मशीनवर परकराला काठ लावत होती.

"अण्णा, माझी चूक झाली. बाकीच्या पोरांनी खोट्या खुणा केल्या, म्हणून ही शेवटी गेली. हा बघा खरा तक्ता. ह्यात हिला उत्तम आहे."

नागोजींनी कात्री खाली ठेवली. "स्वल्प थांबा अक्का. आधीचा तक्ता कुणाचा?"

"माझाच."

"आणि हा?"

"पुस्तकातला."

"म्हणजे अंगाला बसेना, तर टेप बदलायची होय? तुमचा कागद घेऊन मी आईपुढे गप्प बसलो. परवा चिंतामणी गावची माणसं येऊन हिला बघून गेली. नारळ देऊन सोयरीक पक्की झाली. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

इंदिराबाईंनी मशीनकडे पाहिलं. "रूपा, तुला नव्हती का गं मिळाली ती झेरॉक्स?"

"मिळाली होती मिस." सुई थांबली नाही.

"मग?"

"तुम्ही म्हणालात, खरं लिहा."

इंदिराबाई तशाच उभ्या राहिल्या. रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी कन्नडमधून हुज्जत घालत होता. दुकानातून त्यांचा पाय निघत नव्हता. शेवटी नागोजींनाच ते बघवेना.

"मिस उभ्या आहेत गं. ब्लाउजचं माप घेऊन टाक त्यांचं. गेल्या दिवाळीपासून कापड पडलंय."

रूपश्री उठली. गळ्यातली टेप काढून तिनं इंदिराबाईंच्या छातीभोवती फिरवली आणि आकड्यावर बोट धरून थांबली.

"श्वास सोडा मिस," ती म्हणाली. "धरून ठेवलात तर माप चुकतं."