पाण्यातून आलेला धूर

काल प्रयोगशाळेत बाटलीतलं पाणी बुडबुडलं आणि नववीच्या वर्गाने टाळ्या पिटल्या. बाटलीच्या एका नळीशी पेटत्या उदबत्त्या, दुसऱ्या नळीत कापूस, आणि धूर ओढायला होळीची पिचकारी. हा आमच्या शाळेतला व्यसनमुक्तीचा तास.

सारं समीक्षामुळे. "मॅडम, हुक्क्याने काही होत नाही, धूर पाण्यात धुऊन येतो," असं ती परवा ठासून म्हणाली होती. रविवारी कॉलेजातल्या मामेबहिणीचा वाढदिवस, तिथे हुक्का असणार आणि हिला बोलावणं.

थोड्या वेळाने कापूस काढला, तर चांगला पिवळा पडलेला.

"समीक्षे, तुझ्या धुराची आंघोळ नीट झाली नाही गं!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग खदखदून हसला, तीही हसली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण सायन्स काही मी पहिल्यांदा घरात आणलं नाही. माझी निरक्षर आई तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरून बघायची. दुकानदार काय सांगतो, यावर ती कधी गेली नाही. काल ही पोरं कापसावर वाकून बघत होती, तेव्हा मला तीच दिसली, आणि फार बरं वाटलं.

घंटा झाली. समीक्षाने तो कापूस कागदात गुंडाळून कंपासपेटीत ठेवला.

"कशाला गं?"

"रविवारी ताईला दाखवते. नुसतं नको म्हटलं की मला भित्री म्हणते. आता म्हणून बघू दे!"