डिकीत बसून ऐकलेले आवाज

गाड्यांच्या सस्पेन्शनचं काम घेतल्यापासून मला गप्पांना विषय शोधावा लागलेला नाही. गिऱ्हाईक आवाज घेऊन येतं, आम्ही आवाज काढून देतो आणि किस्सा ठेवून घेतो! कुपवाडच्या आमच्या गॅरेजात, खिडकीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. ज्या वस्तूनं कुणाच्या गाडीत खडखड केली, ती सापडली की त्या डब्यात जाते. सध्या त्यात एक बांगडी, एक अडकित्ता आणि एक कवळी आहे. कवळीचा मालक अजून न्यायला आलेला नाही.

डबा बापूंचा. बापू म्हणजे माझे पार्टनर, फौजेत गाड्या दुरुस्त करून रिटायर झालेले. त्यांचा एक नियम आहे. गाडीला हात लावायच्या आधी मालकानं तो आवाज स्वतःच्या तोंडानं काढून दाखवायचा. "जरा खडखडतंय" म्हटलेलं चालत नाही.

"वर्णन नको. आवाज काढा!"

एकदा मिरजेकडचे एक हेडमास्तर आले. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. त्यांनी बरीच टाळाटाळ केली, मग इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "कुईंक."

"खड्ड्यात का ब्रेकरवर?" बापू.

"ब्रेकरवर."

"मग जरा लांबवून काढा की, सर!"

सरांनी डोळे मिटले, मान वर केली आणि असा काही आवाज लावला की समोरच्या कारखान्यातले चार कामगार पळत आमच्या गेटवर आले. त्यातला एक जागीच थबकला.

"सर, तुमी? आवं, आमाला वर्गातनं भायेर काढायचा की एवढ्यासाठी!"

* * *

मगदूम अण्णा हळदीचे व्यापारी. हौसेनं त्यांनी जीप चार बोटं उंच करून घेतली होती आणि तेव्हापासून प्रत्येक वळणाला मागून 'ढब्ब' असा आवाज यायचा. उंच केल्यामुळेच येत असणार, असं धरून आम्ही कामाला लागलो. शॉकअप खोलले, रबरी बुश बदलले, दोन दिवस घालवले. ढब्ब काही जाईना.

तिसऱ्या दिवशी बापूंना मागच्या बंपरवर मुंग्यांची रांग दिसली. रांगेचा माग काढत गेलो, तर स्टेपनीच्या खळग्यात गोणपाटात गुंडाळलेली गुळाची ढेप! वळण आलं की ती इकडून तिकडं जायची.

अण्णा कपाळाला हात लावून टायरवर बसले.

"आवं, ही व्याह्यांकडं द्यायची हुती. दिवाळीतच!"

"मग आता द्या की," मी म्हणालो.

"आता कशी देऊ? गूळ लय ग्वाड निघाला म्हणून त्यांचा फोन येऊन गेलाय!"

* * *

आता रणजित. हा इस्लामपूरजवळच्या एका गावचा, घरी ऊस, नोकरी सांगलीत. त्यांच्या घरात आलेली पहिली गाडी म्हणजे एक छोटी हॅचबॅक. ती त्याच्या वडिलांनी, आबांनी घेतली. त्याच गाडीतून रणजितच्या बहिणीची पाठवणी झाली. आणि ह्या बहाद्दरानं आबांना न विचारता तिला आखूड स्प्रिंगा आणि रुंद टायर टाकून पार जमिनीला टेकवली.

आबा अंगणात आले. गाडीभोवती एक फेरी मारली.

"चारी चाकांचं पंक्चर काढून घे," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवसापासून आबा गाडीत बसले नाहीत. साखर कारखान्यावर जायचं असलं तरी शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर मागं बसून जायचे. "शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं गड्या," असं रणजितनं मला सांगितलं. मलाही वाईट वाटलं.

त्यात गाडी 'टक-टक-कुई' करायला लागली. रणजित गावात शिरला की गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. रणजितनं ती आमच्याकडे दाखवायचं ठरवलं, तेव्हा आबांनी निकाल दिला.

"येत्या रविवारी धा वाजता गिऱ्हाईक बोलावलंय, तुझ्या त्या गॅरेजवरच. तवर आवाज गेला तर गाडी ऱ्हाईल. न्हाई गेला तर इकली!"

* * *

सोमवारी गाडी आमच्याकडे आली. डावीकडे ओढत होती. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी टाकून बघितले, तर उजवीकडे ओढायला लागली. म्हणजे दोष टायरातच होता. टायर बदलला, गाडी सरळ झाली.

'कुई'चं कारण बापूंना गाडीखाली सापडलं. ज्यानं स्प्रिंगा बसवल्या, त्यानं गाडी जॅकवर लटकत असतानाच बुशचे बोल्ट आवळून टाकले होते. गाडी चाकांवर उतरली की रबर पिळून निघत होतं.

"माणसाला उलटं टांगून चड्डीचं माप घेतलंय हे!" बापू खालून ओरडले.

आम्ही बोल्ट सैल केले, गाडीचं वजन चाकांवर घेतलं आणि मग आवळले. कुई गेली. टक-टक मात्र तशीच राहिली.

मग बापूंनी त्यांचा शेवटचा उपाय काढला. मागचं सीट आडवं पाडायचं, बापूंनी डिकीत झोपायचं, वरून डिकी लावायची आणि मी एमआयडीसीच्या खड्ड्यांतून गाडी चालत्या माणसाच्या वेगानं न्यायची. शुक्रवारी असेच निघालो होतो, तर एका पोलिसानं हात केला.

"एवढी हळू का चालवताय? आणि मागं कोण कण्हतंय?"

"आमचे मिस्त्री."

"डिकीत काय करतायत?"

"ऐकतायत."

 पोलीस खिडकीशी वाकून हळू आवाजात म्हणाला, "माझ्या बी गाडीला मागनं कसला तरी आवाज येतोय वो. कवा आणू?"

"सोमवारी आणा, सायेब!" डिकी बोलली.

* * *

शनिवारी बापूंची कंबर धरली. डिकी सोडाच, त्यांना खुर्चीवरून उठता येईना. रविवारी नऊलाच आबा हजर! पांढरी टोपी, काखेत गाडीच्या कागदांची पिशवी, आणि मागोमाग चेहरा पाडून रणजित. मी खाली मान घालून सांगितलं, की टक-टक अजून आहे. बापूंनी डिकीची पद्धतही समजावली.

आबा हसले. "उसाच्या ट्रॉलीचा कुठला नट ढिला हाय, ते आमी टॅक्टरवर बसल्या बसल्या सांगायचो. तुमचं कान फौजेत तोफांनी गेल्यात!"

बापूंची कंबर दुखत होती, डोकं आधीच तापलेलं. "मग तुमीच झोपा की आत!"

मला वाटलं, संपलं सगळं. आबांनी एकदा गाडीकडे बघितलं, एकदा पोराकडे. मग पिशवी माझ्या हातात दिली, चपला काढून डिकीखाली नीट जोडून ठेवल्या आणि आत जाऊन आडवे झाले!

रणजितनं डिकी लावली आणि स्टिअरिंगवर बसला. मी शेजारी. 

दुसऱ्या फेरीत मागून आबांचा आवाज आला, "डाव्या अंगाला हाय!"

तिसऱ्या फेरीत, "बिरेक नगं मारू रं! परत त्याच खड्ड्यात घाल!"

वळवायला म्हणून गेटपाशी गाडी थांबवली, तर दहा वाजले होते आणि गिऱ्हाईक उभं होतं. रहिमतपूरहून आलेले एक गृहस्थ, हातात पेढ्यांचा पुडा. आम्ही दार उघडेपर्यंत ते स्टेपनी बघायला मागं गेलेसुद्धा. त्यांनी डिकी उघडली.

आत आबा. टोपी नाकावर आलेली, डोळे मिटलेले, एक बोट वर.

"हे... कोण?" गृहस्थांनी विचारलं.

आबांनी डोळे उघडले नाहीत.

"गाडी इकायची न्हाई. लावा ती डिकी, आत्ता कुठं घावाय लागलाय!"