पान लागलं

आमच्या कंट्रोल रूममधली सगळ्यात भारी यंत्रणा कुठली, असं कुणी विचारलं तर मी सांगते, हनुमंतदादा! जामखेडकडचे हवालदार, रिटायरमेंटला वर्ष राहिलेलं, टाइप करणार एका बोटानं. फोन कुठून आला ते नकाशावर गोल काढून दाखवणारी नवी यंत्रणा बसली, तेव्हा आम्हा पोरींचा तोरा बघायला हवा होता. माझा तर जास्तच. "दादा, ही ओळ आज संपेल ना?" असं मी त्यांना रोज चिडवायचे.

परवा दुपारी एका बाईचा फोन आला. "म्याडम, फडात हाय! मालकाला पान लागलं, लवकर या!" मी नगर शहरातली. फड म्हणजे तमाशाचा, आणि पानातून कुणीतरी नवऱ्याला काहीबाही खाऊ घातलं, असं मी समजले. मोठ्यानं हसून शेजारी सांगितलंही.

दादा ताडकन उठले. "अगं येडे, उसाचा फड! पान लागलं म्हंजी साप चावलाय!" हेडफोन त्यांनी ओढूनच घेतला.

बाईचं नाव सविता, खर्ड्याची. नवरा अंगद आणि ती ऊसतोडीला कोपरगावकडं आलेली. टोळी ट्रॅक्टर भरायला पुढं गेलेली. गावाचं नाव तिला माहीत नव्हतं. माहीत असणार कसं, मुकादम नेईल तिथं उतरायचं! नकाशावरचा गोल चांगला दीड कोसाचा, आत नुसता ऊसच ऊस.

दादांनी त्या भागातली गाडी सोडली आणि सायरन चालूच ठेवायला लावला. "बाई, फोन ठिवू नगं. त्याला चालू देऊ नगं, हलू देऊ नगं. सायरनचा आवाज येतोय का?"

"न्हाई, भाऊ."

गाडीचा ठिपका स्क्रीनवर सरकत होता. मी तो दाखवत होते, दादा विचारत होते.

"आला! बारीक येतोय!"

"आता?"

"गेला, भाऊ, लांब गेला!"

"गाडी मागं घ्या, कॅनॉलच्या अंगानं!"

थोड्या वेळानं सायरन हेडफोनमधून आम्हालाच ऐकू आला. नकाशा होता, दादांचा कानही होता. एकट्या कुणाच्यानं ते जमलं नसतं, हे मी शपथेवर सांगेन.

अंगदला दवाखान्यात नेलं. मी दादांची माफी मागितली. ते म्हणाले, "तुला फड ठावं न्हाई, त्यात काय चूक? माझी आई कोयता घेऊन राबली, तवा मला ठावं."

संध्याकाळी दवाखान्यातून सविताचा फोन आला. "भाऊ, मालक बोलले!"

"काय म्हनला गं?"

"म्हनले, ट्रॅक्टर भरला का?"

दादा खो खो हसले. मग हेडफोन काढून, आम्हा सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडले.