मधाचं वाण

मी एकदा जबलपुरातल्या तीसेक सवाष्णींना संक्रांतीचं वाण म्हणून दारू वाटली आहे. मुद्दाम नाही. मी आपली मधच वाटत होते. शुद्ध, जंगली, घरी सुंठ-तुळस घालून मुरवलेला. पण शुद्ध वस्तूचं एक असतं, ती कुणाचं ऐकत नाही.

सुरुवात कुमुदवहिनींपासून झाली. (आमच्याकडे भांडणांपासून बारशांपर्यंत सगळ्याची तिथूनच होते.) कुमुदवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. राहतात दीक्षितपुऱ्यात, माहेर नागपूरचं, आणि लग्नाला इतकी वर्षं होऊनही जबलपुराबद्दल अशा बोलतात की जणू पुढच्या गाडीनं परत जायच्या आहेत. त्यांचं वाण दरवर्षी जड, स्टीलचं. आदल्या संक्रांतीला मी चहाच्या गाळण्या लुटल्या, तर वहिनींनी गाळणी उजेडात धरली, तिच्यातून माझ्याकडे पाहिलं आणि भर बायकांत म्हणाल्या, "असू दे गं सुधा. काहीतरी दिलं नं तू!"

ते "काहीतरी" मला वर्षभर पचलं नाही. यंदा वहिनींच्या तोंडून वाणाची तारीफ ऐकायचीच, मग काहीही होवो, असा मी पणच केला. (झालंही काहीही.)

तिलवाऱ्याला नर्मदेवर गेलो होतो, तेव्हा वाटेत जंगलातला मध मिळाला. घरी आणून मी त्यात तुळस, सुंठ आणि दालचिनी घातली, बरणीत मुरवला, गाळला, छोट्या बाटल्यांत भरला. झाकणावर लाल कापड आणि वर सोनेरी दोरा. दिसेल त्याला मी सांगत सुटले, "एक थेंब साखर नाही यात!"

आणि थंडी पडली. सकाळी पाहते तर प्रत्येक बाटलीच्या तळाशी पांढरा, रवाळ थर.

"साखर बसली वाटतं," आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"साखर काहून बसेल? असली, शुद्ध मध थंडीत जमतोच! तोच तर त्याचा गुण आहे!"

"मला माहीत आहे. वहिनीला माहीत आहे का?"

माणूस दिवसातून एकदाच बोलतो, पण नेमकं दुखऱ्या जागी. वहिनी बाटली उजेडात धरणार, हे सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं. मी बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. मध पातळ झाला. रात्री पुन्हा जमला. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा तेच. हळदीकुंकू तोंडावर आलं. शेवटी मी ताजे आवळे किसले, रस पिळला, त्यात आल्याचा रस घातला आणि सगळ्या बाटल्यांत सढळ हातानं ओतून, हलवून, गच्चीवर उन्हात ओळीनं मांडल्या. काय सुंदर दिसला मध! पातळ, सोनेरी, आरपार. मधात पाणी शिरलं की त्याच्यात निजलेलं काहीतरी जागं होतं, हे मला तोवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

हळदीकुंकवाला वहिनींनी बाटली उजेडात धरली. मी श्वास रोखून उभी. "बरं दिसून राहिलं," त्या म्हणाल्या. तारीफ नव्हे, पण "काहीतरी"च्या वर होतं ते! मला इतका चेव आला की मी सगळ्यांना बजावलं, "आत्ता उघडू नका हं. झाकण घट्ट ठेवा. जितका मुरेल तितका गुण वाढेल. रथसप्तमीला उघडा."

चारपाच दिवसांनी हे स्वयंपाकघरात चहा पीत बसले होते. फट्! फळीवरच्या आमच्या बाटलीचं झाकण उडालं, यांच्या चष्म्यावर आपटलं आणि सोनेरी फेस भिंतीवरून खाली यायला लागला. यांनी चष्मा पुसला. मग बोट फेसात बुडवून चाटलं.

"सुधा, हा बिघडला."

"अगंबाई! खरंच?"

"फार छान बिघडला," म्हणाले आणि चमचा शोधायला लागले.

जबलपुरात तीसेक घरांत, कुठे देवाजवळ, कुठे टीव्हीवर, माझ्याच सांगण्यावरून झाकणं घट्ट लावलेल्या बाटल्या फुगत होत्या!

"परत मागून घे," हे म्हणाले.

"वाण परत मागतात काय हो? जगात कुणी मागितलंय?"

"मग फोन करून सांग, झाकण सैल करा म्हणून."

"म्हणजे बिघडला हे माझ्याच तोंडानं सांगू? वहिनींच्या कानावर जायला पाच मिनिटं नाही लागायची!"

तेव्हा स्कूटर काढली. मागे मी, मांडीवर तिळगुळाचा डबा. प्रत्येक घरी तेच. "राहूनच गेलं होतं यायचं! तिळगूळ घ्या, गोड बोला. बरं, वाण कसं मुरलं ते पाहू जरा." बाटली हातात घ्यायची, झाकण फिरवायचं. फिस्सऽऽ! आणि तोंडभर हसायचं.

कांचघर मोहल्ल्यातल्या देशकर काकूंनी तो आवाज ऐकला. "हे काय गं?"

"श्वास आहे तो, काकू," माझ्या तोंडून निघून गेलं. "असली मध श्वास घेत असतो."

खोटं बोलावं, पण देशकर काकूंजवळ बोलू नये. त्या तडक गॅलरीत गेल्या आणि समोरच्या बाईंना ओरडून सांगितलं, "भाभीजी, जल्दी आइए! हमारा शहद साँस ले रहा है!" मग पुन्हा झाकण लावून, थोडं थांबून, मला तो श्वास भाभीजींसाठी परत काढून दाखवावा लागला.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. ज्यांच्या बाटल्या थंड कपाटात होत्या त्यांची तक्रार, "अच्छा, म्हणजे सगळ्यांना असली दिला आणि आम्हालाच नकली? आमचा तर श्वासच घेऊन नाही राहिला!" आता त्यांची समजूत काढायला पुन्हा स्कूटर. हे मात्र खूश होते. प्रत्येक घरी "मी चाखून पाहतो" म्हणायचे.

दीक्षितपुरा मी भीतीनं शेवटी ठेवला होता. त्या दिवशी संकष्टी होती. दारातच भाऊजी, म्हणजे वहिनींचे यजमान, घाबरेघुबरे उभे. "सुधा, बरं झालं तू आली. ही सकाळपासून गाणं म्हणून राहिली!"

आत कुमुदवहिनी झोपाळ्यावर. पाय अधांतरी हलताहेत, बाटली उघडी, निम्मी रिकामी. मध उपासाला चालतो म्हणून सकाळपासून रिकाम्या पोटी त्यांनी तेवढाच घेतला होता.

"ये, ये, माझी गुणाची ती!" वहिनींनी मला जवळ ओढलं. आजवर त्यांनी मला हळदीकुंकू लावतानासुद्धा हात लांबच धरला होता. "असं वाण मला जन्मात कुणी दिलं नाही गं! माहेरीही नाही! काय चव, काय गुण! गुडघा दुखायचा राहिला बघ. आणि काय सुरेख गाव आहे आपलं जबलपूर!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ऐकायचं होतं ते सगळं ऐकलं होतं, साक्षीदारांसमोर, आणि एक शब्दही खरा धरता येत नव्हता. भाऊजींना मी हळूच सांगितलं की वहिनींना आता बटाट्याचा कीस द्या आणि झोपवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन.

"सुधा, डोकं फार जड झालंय गं. कालचं काही म्हणजे काही आठवत नाही. मी काही वेडंवाकडं बोलले का?"

"नाही हो वहिनी. माझ्या वाणाची फार तारीफ केली."

पलीकडून काळजीचा आवाज आला, "मग मला खरंच बरं नसणार गं. डॉक्टरकडे जाऊन येते."

फोन ठेवला. घरात कुणी नव्हतं. मी बाटली काढली, एक मोठा चमचा घेतला. काही वाटलं नाही. आणखी तीनचार घेतले, तेव्हा कुठे पटलं की बाई सुधा, असं वाण उभ्या जबलपुरात कुणी दिलं नसेल.