मोजणीला बसलेला दीर

माझा धाकटा दीर तुरुंगातून सुटून कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या आमच्या क्वार्टरमध्ये राहायला आला, तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. इतका शिस्तीचा माणूस आमच्या घरात पूर्वी नव्हता. कारखान्याचा भोंगा होण्याआधी तो उठायचा, कांबळ्याची घडी घालायचा, आपलं ताट आपण घासायचा. नवऱ्याला मी म्हटलं, तुम्हालाही आत पाठवायला हवं होतं.

दिराला यायला एक दिवस उशीर झाला होता. गाडी चुकली म्हणाला. मी मानलं.

गुन्हा साधा होता. भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडण झालं आणि याच्या काठीने शेजाऱ्याचा हात मोडला. बायको माहेरी गेली. तिच्या वडिलांचं म्हणणं, जावयाला काम लागल्याशिवाय पोरगी पाठवत नाही. आणि काम होतं आमच्या बाजूच्या क्वार्टरमधल्या फोरमनभाऊंच्या हाती. त्यांच्या शब्दावर ठेकेदार माणसं घ्यायचा.

मी कामाला लागले. दीर हिंगणघाटला गिरणीत होता, असं आळीत सांगून टाकलं आणि त्याला काही गोष्टी पढवल्या. दारात परवानगीसाठी थांबायचं नाही. दिसेल त्याला साहेब म्हणायचं नाही. भाजी वाढताना ताट दोन्ही हातांनी पुढे करायचं नाही.

"वैनी, तिथं रविवारी तरी कोनी शिस्त लावत नव्हतं," तो म्हणायचा.

आतलं तो सहज सांगायचा, फक्त घरात. त्याला भाजीच्या मळ्यावर ठेवलं होतं. "वांगे आमी लावत होतो, अन् खायले भोपळा भेटे," म्हणाला. "मंग बाहेर आलो, तं तू भोपळाच केला."

एका रविवारी दोन्ही घरं मिळून शिवनाथ नदीच्या काठी जेवायला निघालो. फोरमनभाऊ दिराला तिथे निवांत पारखणार होते. ट्रक दाराशी उभा होता. कुठेही निघताना माणसं मोजायची माझी सवय. मी टाळी वाजवून म्हटलं, "चला, रांगेत या, मोजते."

दीर खाली बसला. उकिडवा, हात गुडघ्यांवर, मान खाली. माझ्या धाकट्या पोरीला ओढून त्याने शेजारी बसवलं, म्हणजे दोघं दोघं मोजायला सोपं.

बाकी सगळे उभे होते. मोजणीचं मी त्याला काहीच पढवलं नव्हतं.

फोरमनभाऊंनी पान तोंडात घातलं. "हिंगणघाटच्या गिरणीत असे बसवून मोजतात का?"

मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात दीर उठला. "जेलात मोजतात, भाऊ. दीड वर्ष होतो."

"कावून?"

"धुऱ्यापायी एकाचा हात मोडला."

"आता कसा हाय त्याचा हात?"

हे आमच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. शिक्षा संपली, म्हणजे प्रकरण संपलं, असं मी धरून चालले होते.

"मूठ वळत नाही," दीर म्हणाला. "बैल हाकलते, पण कासरा दुसऱ्या हातानं धरते. सुटलो तं पयले त्याच्याच घरी गेलो. धुरा सोडला म्हनून सांगतलं. त्यानं चहा पाजला, पण बोलला नाही."

म्हणजे गाडी चुकली नव्हती.

"अन् जेलानं काय शिकवलं तुले?"

"बसाले. उभं राहाले वैनी शिकवून राहिली."

फोरमनभाऊ हसले नाहीत. नदीवर जेवण झालं, पत्ते झाले, तरी त्यांनी कामाचा विषय काढला नाही. मी त्यांना दोनदा पान लावून दिलं. दीर मात्र पोरांना पाण्यात दगड कसे फेकायचे ते दाखवत होता.

परतल्यावर ट्रकमधून उतरताना भाऊ म्हणाले, "उद्या सकाळी गेटवर ये. तिथं हजेरी उभ्यानंच होते. अन् कोनी इचारलं तं गिरणी नको सांगू. तुले खोटं बोलता येत नाही. ते खातं तुह्या वैनीले राहू दे."

पहिला पगार झाला आणि जाऊ आली. पुढच्या सहलीला मी मोजायला लागले, तर दीर पुन्हा उकिडवा बसला, या वेळी मुद्दाम, मला चिडवायला. जाऊ हातात डबा घेऊन उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ताई," ती म्हणाली, "त्यायले सोडून मोजा. मले अजून पक्कं करा लागते, संग न्याचं का नाही ते."

दीर लगेच उठून उभा राहिला.