चादरीचं दुसरं टोक

तिला सगळे तोफ म्हणायचे, आणि तोंडावर म्हणायचे. पाठीमागे म्हणण्याची छाती कोणाची होती? हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत ती लागली तेव्हापासून तिच्या जिभेला हाड नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मशीन गळतंय, साबण पातळ आलाय, मुकादमाच्या शर्टाचं बटण तुटलंय, जे दिसेल ते बोलायचं आणि बोलून झालं की विसरून जायचं. तिची सून लग्नानंतर थोड्याच दिवसांत शेजारणीला म्हणाली होती, आमच्या सासूबाईंचं सगळं बाहेर, आत काही शिल्लकच नसतं. हे तोफेच्या कानावर गेलं तेव्हा तिला ते कौतुकच वाटलं.

आणि तिच्या समोर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, अबोली. हे नावही तोफेनेच ठेवलेलं. बाई इतकं कमी बोलायची की पहिला आठवडाभर तोफेला वाटलं, हिला ऐकू येत नाही. तोफेपेक्षा वयाने लहान. तिला ताई म्हणायची, आणि बाकीच्यांना मानेनेच हो-नाही करायची.

आता हॉस्पिटलच्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा, दुमडायची, मग एकमेकींकडे चालत यायचं, एकीने आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि पुन्हा मागे सरकायचं. दिवसभर जवळ यायचं आणि लांब जायचं. मशीनच्या घरघरीत लांबून बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे जवळ आलं की अर्धं वाक्य बोलायचं आणि उरलेलं पुढच्या चादरीला. अशा अर्ध्या-अर्ध्या वाक्यांनी घड्यांच्या टेबलाशी कामाला असलेल्या बायकांनी एकमेकींची लग्नं, बाळंतपणं, जावांची भांडणं आणि नवऱ्यांचे पराक्रम ऐकले होते. कोणी रडली तर रडली. हात चालू असले की झालं.

जुना मुकादम लांबून ओरडायचा, तोंडं बंद, हात चालू! त्याचं कोणी मनावर घ्यायचं नाही, आणि तोही घ्यायचा नाही. एकदा एक पोरगी कोपऱ्यात बसून हुंदके देत होती, तर हा बाबा खुर्ची आणून तिच्याशेजारी आपटून गेला आणि वर ओरडला, ही खुर्ची वाटेत कोणी ठेवली? माणूस कसा असतो ते कळायला तेवढं पुरे होतं.

अबोलीचा नवरा गेला तेव्हा ती लवकरच कामावर परतली. घरात बसून करायचं काय? मूलबाळ नाही. नवरा रोज पहाटे उठून चहा करायचा आणि कप तिच्या उशाशी ठेवून तिला उठवायचा, एवढंच त्या संसाराचं सुख होतं, आणि ते काही कमी नव्हतं. आता उठवायला कोणी नाही. ती यायची, चादरीचं टोक धरायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. आवाज नाही, काही नाही. चादरीचा कोपरा ओला व्हायचा. तोफ ती चादर गुपचूप पुन्हा धुण्यात टाकायची आणि दुसरी उचलायची. ‘रड गं,’ म्हणायची, ‘साबण सरकारी आहे.’ एवढी बोलघेवडी बाई, पण यापलीकडे तिने अबोलीला कधी काही विचारलं नाही.

मग मुकादम निवृत्त झाला आणि नवे साहेब आले. बोलणं इतकं मऊ की बायकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव लोणीसाहेब ठेवलं. ओरडणं नाही, अरे-तुरे नाही. सगळ्यांना ‘आपण’. भिंतीवर मोठा फलक लागला, ‘जसे आहात तसे या.’ आणि दर सोमवारी मनमोकळा तास सुरू झाला. सगळ्यांनी गोल बसायचं. एक पिवळा स्पंजचा चेंडू, त्यावर हसरा चेहरा. चेंडू ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही, अगदी साहेबांनीसुद्धा. मनात जे असेल ते सांगायचं. या खोलीतलं या खोलीतच राहील, असं साहेब छातीवर हात ठेवून म्हणाले.

आता गंमत बघा. जिच्या तोंडाला कधी कुलूप नाही ती तोफ त्या गोलात बसली आणि मिठाची गुळणी धरून बसली. तिला काहीतरी खटकत होतं. चेंडू आला की म्हणायची, ‘मी मजेत आहे,’ आणि पुढे द्यायची. तिच्यामागून सगळ्याच मजेत. साहेबांचा चेहरा पडायचा. ते म्हणायचे, इथे घाबरायचं कारण नाही, इथे आपण सुरक्षित आहात.

आणि ज्या बाईने जन्मात चारचौघांत तोंड उघडलं नव्हतं, ती एका सोमवारी बोलली. चेंडू दोन्ही हातांत धरून, खाली मान घालून अबोली म्हणाली, ‘मला सकाळी उठून यावंसंच वाटत नाही. पण इथे आले की...’ तेवढ्यात तिचा आवाज फुटला. साहेबांनी पुढे वाकून तो चेंडू अलगद तिच्या हातातून काढून घेतला, धन्यवाद म्हणाले, फार धीर लागतो म्हणाले, आणि टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनीही वाजवल्या. तोफेनेही वाजवल्या.

दोन दिवसांनी अबोलीला बोलावणं आलं. साहेबांनी तिला पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली आणि सांगितलं की आपणच म्हणालात, यावंसं वाटत नाही, तर आम्ही आपल्या भावनांचा आदर करतो. आपण विश्रांती घ्या. बिनपगारी. मन तयार झालं की कळवा. तोपर्यंत कंत्राटी बाई येईल. महिनाअखेरीपर्यंत आपलं मन तयार झालं नाही, तर मात्र जागा भरून टाकावी लागेल.

केसाने गळा कापणं म्हणजे काय ते कोणाला शिकायचं असेल तर त्याने या माणसाची शिकवणी लावावी. अहो, हाकलायचं तर हाकला, दोन शिव्या घाला, माणसाला निदान भांडता येतं! इथे पाण्याचा पेला हातात देऊन घरी पाठवतात आणि वर म्हणतात, आदर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त तोंड दाबायला मऊ उशी वापरलेली.

तोफ तिच्या घरी गेली. दार नुसतं लोटलेलं. दुपार झाली तरी अबोली अंथरुणातच, केस विंचरलेले नाहीत, उशाशी रिकामा कप. नवरा ठेवायचा तोच. तोफेने आधी तिला उठवलं, चहा केला, मग विचारलं, त्या दिवशी तू पुढे काय सांगणार होतीस? अबोली म्हणाली, ‘ताई, मी म्हणणार होते, इथे आले की बरं वाटतं. तेवढंच राहिलं बघा.’

तोफेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग साहेबांवर तर होताच, पण स्वतःवर जास्त. वर्षानुवर्षं साबणासाठी, बटणासाठी, गळक्या नळासाठी बोंब मारली. आणि जिथे बोलायला हवं होतं तिथे ‘मी मजेत आहे’ म्हणून चेंडू पुढे ढकलला. तोंडाळ म्हणून नाव कमावलं ते काय फक्त साबणासाठी? रात्री जेवताना ती सुनेवर उगाच खेकसली, आणि सुनेने न बोलता तिच्या ताटात आणखी वाढलं.

पुढच्या सोमवारी हॉस्पिटलच्या मोठ्या बाई मनमोकळा तास बघायला येणार होत्या. साहेबांनी खोलीत फुलदाणी ठेवली आणि सगळ्यांना विनंती केली की आज जरा छान बोला. निघताना सुनेने बजावलं होतं, आई, तुमची नोकरी शाबूत ठेवा. तोफ हो म्हणाली होती, आणि त्या वेळी तिला ते खरंच वाटत होतं.

चेंडू फिरत फिरत आला. मजेत, मजेत, खूप शिकायला मिळतं, मजेत. मग तोफेच्या हातात. तिने तो मांडीवर ठेवला आणि वर दोन्ही हात ठेवले. साहेब हसले. मग घसा खाकरला. शेवटी म्हणाले, ‘ताई, पुढे द्यायचा का?’

‘साहेब, चेंडू माझ्याकडे आहे,’ तोफ म्हणाली.

एक-दोघींनी तोंडाला एप्रन लावला. साहेब गप्प बसले. नियम त्यांचाच होता.

‘हा चेंडू अबोलीचा आहे,’ तोफ म्हणाली. आवाज चढवला नव्हता, आणि त्यामुळेच बायकांना भीती वाटली. ‘तिचं बोलणं अर्धं राहिलंय. अर्ध्यावर तुम्ही तो काढून घेतलात आणि अर्ध्या वाक्यावर तिला घरी पाठवलंत. ती म्हणणार होती, इथे आले की बरं वाटतं. भिंतीवर लिहिलंय, जसे आहात तसे या. ती आली. तेवढी एकच आली. आम्ही बाकीच्या सगळ्या खोटं बोललो, आणि आमचा पगार चालू आहे. आता ती येऊन पुढचं बोलेपर्यंत हा चेंडू कोणाला मिळणार नाही.’

मोठ्या बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी फुलदाणीकडे पाहिलं. मग बाईंनी शांतपणे दोन-चार प्रश्न विचारले, तोफेने उत्तरं दिली, आणि त्या उठता उठता साहेबांना म्हणाल्या की त्या बाईंना उद्यापासून बोलावून घ्या. साहेब लगेच म्हणाले, मीही तेच म्हणणार होतो. गोगलगाय आणि पोटात पाय! तोफेला ठेवलं कामावर. मोठ्या बाईंनी दारात तिच्या खांद्यावर हात ठेवून, असंच मोकळं बोलत जा, असंही सांगितलं. आता त्यांच्यादेखत काढणार कसे?

दुसऱ्या दिवशी अबोली आली. केस नीट बांधलेले, एप्रन इस्त्री केलेला. बायकांनी तिला मध्ये घेतलं, कोणी पाठीवर हात फिरवला, कोणी डब्यातलं दिलं. तोफ तर गड जिंकल्यासारखी मिरवत होती. चादरी सुरू झाल्या. जवळ यायचं, लांब जायचं.

सोमवारी चेंडू अबोलीच्या हातात आला तेव्हा तोफ सरसावून बसली. आता ऐका म्हणावं. अबोलीने चेंडूकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, आणि स्पष्ट आवाजात म्हणाली, ‘मी मजेत आहे.’ चेंडू पुढे गेला.

ठीक आहे, तोफेला वाटलं. शहाणी झाली. त्या गोलात हेच बोलायचं असतं. टेबल आपलं आहे, टेबलाशी बोलेल.

पण टेबलाशीही काही नाही. दिवस गेले. चादरी कोरड्याच्या कोरड्या. एकही पुन्हा धुण्यात टाकावी लागली नाही. तोफ घडी हातात घेताना कोपरे चाचपून बघायची. अबोलीचे डोळे लाल दिसायचे, पण ते घरूनच तसे यायचे. महिन्याच्या शेवटी साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं आणि आनंदाने जाहीर केलं की पुन्हा धुवाव्या लागणाऱ्या चादरी कमी झाल्या आहेत, आणि हे सगळं आपल्या इथल्या मोकळ्या वातावरणाचं फळ आहे. टाळ्या वाजल्या. अबोलीनेही वाजवल्या.

तोफेने वाजवल्या नाहीत. ती टेबलाकडे गेली आणि चादर उचलली. अबोली समोर येऊन उभी राहिली. झटका दिला, दुमडली, दोघी चालत जवळ आल्या. कोपरे घेताना तोफेने तिची बोटं धरून ठेवली.

‘अगं, माझ्यासमोर तरी रड,’ ती म्हणाली.

‘मी मजेत आहे, ताई,’ अबोली म्हणाली, आणि खालची घडी उचलून मागे सरकली.